टेंबे डॉक्टरांची कालवणाची परीक्षा

ज्या माणसाने जन्मात कधी माशाचा तुकडा जिभेवर ठेवला नाही, त्याला बांगड्याचं कालवण सतरा तऱ्हांनी सांगता येत होतं, हे मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, लुसी फेकते. फेकत नाही. मी त्या माणसाच्या दवाखान्यात अठरा वर्षं केसपेपर काढले, आणि ती सतरा कालवणं लिहिलेली वही माझ्याच टेबलाच्या खणात असायची. वरती वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'मासळी'. नवा औषधविक्रेता आला की ती वही चाळायचा आणि डॉक्टरांकडे जरा वेगळ्या नजरेने बघायचा.

टेंबे डॉक्टर मूळचे सांगलीकडचे. आमच्या गिरीज गावच्या नाक्यावर दवाखाना टाकून बसले ते तिथलेच झाले. त्यांचं शिक्षण कुठे झालं, बायको कधी गेली, एवढ्या वाड्या-केळ्यांच्या मुलखात हा वरणभाताचा माणूस कसा रमला, ते मला विचारू नका. ते स्वतःविषयी बोलायचे नाहीत आणि मला विचारायची हिंमत नव्हती. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात तीन पेनं, त्यातली दोन वाळलेली. स्कूटरला किक मारताना प्रत्येक किकेला एक शिवी, तीसुद्धा शाकाहारी. 'भोपळ्या', 'दुधी', 'पडवळा'. चहा बशीत ओतून प्यायचे आणि बशी संपल्याशिवाय कोणाचं काही ऐकून घ्यायचे नाहीत. दारात माणूस विव्हळत असला तर मात्र बशी तशीच ठेवून धावायचे आणि मग परत येऊन गार चहाबद्दल मला बोल लावायचे.

दवाखाना साधा. सर्दी, खोकला, जुलाब, वाडीत कोयता लागलेला. पण म्हातारी माणसं त्यांच्याकडे लांबून यायची. कामणहून यायची, नव्याने उठलेल्या बिल्डिंगांमधून यायची. का, तर घरात एखादं माणूस 'विसरायला लागलं' की बाकीचे डॉक्टर म्हणायचे, 'वय झालं, चालायचंच.' हे शब्द ऐकले की टेंबे डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"वय हे निदान नाही!" ते टेबलावर हात आपटायचे. "वय ही केसपेपरवरची दुसरी ओळ आहे. पहिली नाव, दुसरी वय. आजार त्याच्या खाली लिहायचा असतो. लुसी, हो की नाही?"

मी म्हणायची, "हो." केसपेपर मीच छापून आणायची, मला माहीत नसायला काय झालं!

त्यांची पद्धत उफराटी होती. दुसरीकडे आधी मुलाला-सुनेला विचारतात, म्हातारा कोपऱ्यात बसलेला असतो. टेंबे डॉक्टर मुलगा-सुनेला बाहेरच्या बाकावर बसवायचे आणि म्हाताऱ्याशी बोलायचे. "ज्याला आठवत नाही तो खरं सांगतो," ते म्हणायचे. "ज्यांना सगळं आठवतं ते आपल्याला सोयीचं तेवढं सांगतात. त्यांना शेवटी विचारावं."

बाकी ठिकाणी म्हाताऱ्यांची डोकी तपासायला विचारतात, आजचा वार कोणता, देशाचा पंतप्रधान कोण. त्या वर्षांत पंतप्रधान एवढ्या भराभर बदलत होते की एकदा डॉक्टरच अडखळले. पेशंट आजोबांनी हसून बरोबर नाव सांगितलं आणि वर विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?" त्या दिवसापासून डॉक्टरांनी पंतप्रधान सोडला आणि कालवण धरलं.

म्हाताऱ्या बाईला ते विचारायचे, "बांगड्याचं कालवण कसं करता? पहिल्यापासून सांगा." ती सांगायला लागली की लिहून घ्यायचे. खोबरं आधी वाटलं की मसाला, चिंच कधी घातली, मासे टाकल्यावर झाकण ठेवलं की नाही. मग सुनेला दुसऱ्या खोलीत नेऊन तेच विचारायचे आणि दोन्ही ताडून बघायचे. अगदी पोलिसांसारखे. पुरुष असेल तर केळीची लागवड, मिठागरातलं मीठ, भाताची आवणी, नाहीतर ऑफिसातली फाइल कुठून कुठे जायची ते. "जे काम माणसाने चाळीस वर्षं केलं, त्यात कुठली पायरी सुटते ते बघायचं," ते म्हणायचे. "पंतप्रधान काय, तो त्यांनी थोडाच रोज केलाय!"

यावरून दवाखान्यात किती भांडणं झाली म्हणून सांगू! सासू म्हणे, चिंच आधी. सून म्हणे, शेवटी. बाकावर बसलेल्या तिसऱ्याच बाया मध्ये पडायच्या. एकदा मी डॉक्टरांना म्हटलं, "दोघींचं जुळलं नाही, म्हणजे सासूचं डोकं गेलंय का?" तर म्हणाले, "छे! सासू-सुनेची कृती तंतोतंत जुळली तर मला काळजी वाटते."

बिल्डिंगमधल्या जोशी मास्तरांची गोष्ट सांगते. रिटायर झालेले गणिताचे मास्तर. मुलगा मुंबईला बँकेत, तो त्यांना धरून घेऊन आला. मास्तर दुपारी उठून शाळेत जायला निघायचे, चड्डीवर. डॉक्टरांनी काही न तपासता मुलाला सांगितलं, "घरी जा आणि घरातली औषधं घेऊन या. त्यांची, तुमची, शेजाऱ्यांनी दिलेली, सगळी." तो भलीमोठी पिशवी घेऊन आला. डॉक्टरांनी ती टेबलावर उपडी केली. झोपेची एकच गोळी तीन डॉक्टरांनी तीन नावांनी दिलेली, आणि मास्तर तिन्ही इमानाने घेत होते. वर सर्दीची, वर लघवीची, वर मुलीने पाठवलेली. डॉक्टर म्हणाले, "अहो, एवढं घेतलं तर मीसुद्धा चड्डीवर शाळेत जाईन." एकेक करून त्यांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या. महिन्याने मुलगा एकटाच आला. चेहरा पडलेला. मी म्हटलं, झालं काय? तर म्हणतो, "डॉक्टर, बाबा एकदम ठणठणीत झालेत. रोज संध्याकाळी माझ्या मुलाचं गणित तपासतात, मग माझं अक्षर तपासतात. पहिले जरा बरे नव्हते का हो?"

आणि बस्त्यावकाका. वाडीतले आमचे शेजारीच. महिन्याभरात माणूस मंद झाला, बसल्या जागी झोपायचा, पाय ओढायचा. डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला काही लागलं होतं?" त्यांची बायको म्हणाली, "नाय हो." मुलगा म्हणाला, नाही. डॉक्टर उठले आणि काकांच्या डोक्यावरची टोपी काढली. कपाळाच्या वर जुनी जखम, खपली गेलेली. "हे काय?" तर काकी म्हणते कशी, "ते व्हय? केळीच्या खोलीचं दार ठेंगणं हाय. ते तर रोजच आपटतात! ते काय सांगायचं?" त्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना मुंबईला पाठवलं. डोक्यात रक्त साकळलं होतं, ते काढलं आणि काका पुन्हा वाडीत दिसायला लागले. पुढे डॉक्टर स्वतः जाऊन त्या दाराची वरची चौकट लाल रंगवून आले, ब्रश माझ्याकडून मागवून.

पण खोटं कशाला सांगू, असं नेहमी व्हायचं नाही. बहुतेक वेळा डॉक्टर सगळं शोधायचे, रक्त, गोळ्या, कान, थायरॉइड, मनाला बसलेला धक्का, आणि शेवटी काही सापडायचं नाही. मग ते घरच्यांना आत घेऊन दार लावायचे आणि सरळ सांगायचे की हा मेंदूचाच आजार आहे, तो उलटणार नाही, आता काळजी कशी घ्यायची ते बोलू. त्या दिवशी चहाची बशी तशीच राहायची. म्हणायचे, "न शोधता हे सांगणं पाप आहे, लुसी. शोधून सांगणं हे काम आहे."

आता माझ्या घरावर येते. यायलाच हवं.

माझी सासू मार्था, तिला मी आय म्हणायची. आमच्या घरात ती, मी, माझा नवरा पास्कू आणि आमची ग्लोरिया. पास्कू पहाटे कंपनीत जायचा तो दिवेलागणीला यायचा. ग्लोरिया तेव्हा सहा वर्षांची. आय म्हणजे घराचा खांब, पण त्या वर्षी खांब हलला. दूध गॅसवर ठेवून विहिरीवर निघून जायची. ग्लोरियाला शाळेतून आणायला गेली आणि दुसऱ्याच वाडीत जाऊन बसली. जपमाळेचा तेर्स म्हणताना अर्ध्यात थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आमची संध्याकाळची प्रार्थना तासभर चालायला लागली. चालायचीसुद्धा पाय फाकून, होडीत उभी असल्यासारखी.

मी कशी आहे ते तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. मला राग लवकर येतो. मला वाटलं, ही नाटकं करते. मी दवाखान्यातून दमून येणार आणि ही मला विचारणार, 'बाय, तू कोणाकडची?' एकदा तिने भाताचं पातेलं जाळलं, तेव्हा मी तिला नको ते बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही.

मग मी पास्कूच्या मागे लागले. चर्चच्या सिस्टर लोकांचा वृद्धाश्रम होता, तिथे चौकशी केली. पास्कू आधी नाही म्हणाला, मग तूच बघ म्हणाला. पुढच्या महिन्याची एक तारीख ठरली. फॉर्म माझ्या पर्समध्ये होता, त्यावर फक्त डॉक्टरांचा दाखला हवा होता.

तसं आयला डॉक्टरांनी आधीही बघितलं होतं. दोन महिन्यांपूर्वी मी तिला दवाखान्यात नेलं होतं. जीभ लाल, गुळगुळीत. डोळे पांढुरके. पायांना मुंग्या येतात म्हणाली. डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, साखर तपासली, सगळं ठीक. मग त्यांनी मला विचारलं, "खाणं कसं आहे?" मी म्हटलं, "आमच्याकडे दोन्ही वेळ मासळी असते डॉक्टर, खाण्याचं काय विचारता!" ते हसले. "बरोबर. नाहीतर मी एका जीवनसत्त्वाचा विचार करत होतो. बी बारा. ते आमच्यासारख्या वरणभातवाल्यांना कमी पडतं, तुम्हाला कशाला!" आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी काहीही फरक पडला नाही.

मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला. दाखल्याच्या जागी छापलं होतं, 'आजाराचे कारण'.

"इथे काय लिहू?"

"वार्धक्य," मी म्हटलं. म्हटलं आणि जीभ चावली. बारा वर्षांत त्या खोलीत हा शब्द कोणी काढला नव्हता.

डॉक्टर ओरडले नाहीत. चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "लुसी, तुझ्या सासूबाईंना मी कालवण विचारलं होतं का गं?"

"नाही."

"का नाही विचारलं?"

"तुम्ही मला विचारलंत ना, खाणं कसं आहे म्हणून."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे ज्याला सगळं आठवतं त्याला आधी विचारलं. घरातली म्हणून." आणि वही घेऊन उठले. "चल. पडवळा, चालू हो!" हे स्कूटरला.

घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. आय चुलीपाशी पाटावर बसली होती. डॉक्टरांनी मला हाताने बाहेर घालवलं आणि दार लोटून घेतलं. मी दाराला कान लावला. लावणारच! बारा वर्षं लोकांना मीच बाहेर बसवलं, माझ्यावर पाळी आली तेव्हा मला कुठे बसवतं!

(आमच्या घरची बोली तुम्हाला कळायची नाही, म्हणून आयचं बोलणं जरा सरळ करून सांगते.)

"बाई, बांगड्याचं कालवण कसं करता?"

आयने सांगायला सुरुवात केली. हळूहळू, थांबत थांबत. धणे विसरली, मग परत मागे जाऊन घातले. उन्हाळ्यात कुटून बाटलीत भरलेला मसाला किती, ते बोटांनी दाखवलं असणार, कारण डॉक्टर म्हणाले, "एवढा?" चिंच घातली, मासे टाकले, मीठ टाकलं.

"मीठ बरोबर झालं की नाही, कसं कळतं?"

"सून चाखते ना."

"तुम्ही नाही चाखत?"

आत चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

"बाई, चाळीस वर्षं कालवण करता आणि मीठ दुसऱ्याला चाखायला लावता? माझ्या वहीत असं एकही नाही."

"मी नाय खात मासळी," आय म्हणाली. "मटण नाय, अंडं नाय. दूधपण नाय. चहा कोराच घेते."

"कधीपासून?"

"पोर झाली तवापासून."

पोर म्हणजे ग्लोरिया. ग्लोरियाच्या वेळी माझं बाळंतपण अडलं होतं. रक्त थांबेना. हॉस्पिटलात पास्कूला सांगितलं होतं की आता देवाला हाक मारा. त्यातून मी कशी उठले मला माहीत नाही. आठ दिवसांनी डोळे नीट उघडले तेव्हा आय उशाशी होती, एवढंच आठवतं.

"लुसीचं काय खरं नव्हतं," आय आत सांगत होती. सकाळी काय जेवली ते तिला सांगता येत नव्हतं, पण हे एका दमात सांगत होती. "मी देवाला बोलली, हिला ठेव. तिची पोर आईविना नको. तुला काय पाहिजे ते माझ्या तोंडातलं काढून घे. उपवासकाळात आपण चाळीस दिस सोडतो ना, तसं मी कायमचं सोडते. देवाने ठेवली. मग मी सोडलं."

"घरात कोणाला माहीत आहे?"

"कशाला? सगळ्यांना वाढून मी मागून जेवते. माझा तुकडा मांजर खाते. तुम्ही हिला सांगू नका हां डाक्तर. पोरीला उगाच ओझं व्हायचं."

आमच्या वाडीत सगळी म्हणायची, लुसीच्या घरची मांजर केवढी गब्बर आहे! मीसुद्धा कौतुकाने सांगायची.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यासाठी जी बाई सहा वर्षं कोरा चहा आणि भातभाजीवर राहिली, तिला मी नाटकी म्हटलं होतं, आणि तिला घालवायचा फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. मी पडवीत बसून रडले. नाक पुसायला पदर पुरेना.

डॉक्टर बाहेर आले ते लालबुंद. "तुला मी केसपेपर काढायला ठेवलंय की मला चकवायला? दोन्ही वेळ मासळी म्हणे! तिच्या ताटात काय जातं ते कधी बघितलंस?" मग माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांना कळलं की मी ऐकलंय. ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. "तुला काय बोलू? गाढव मी आहे. जीभ तिने दाखवली, पायांच्या मुंग्या तिने सांगितल्या, आणि मी बसलो तुमच्या घरची मासळी मोजत. शाकाहारी माणसाला वाटतं, मासे सोडणं म्हणजे काय, सोडले की झालं. कोणी गपचूप सोडले असतील असं मनातसुद्धा आलं नाही."

रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. बी बारा जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे नाचवला, लॉटरी लागल्यासारखा. "कारण सापडलं! आता इंजेक्शनं. रोज, मग आठवड्याने, मग महिन्याने, कायमची."

पण आय कुठली ऐकते! तिने सुई बघून विचारलं, "हे कशाचं?"

"जीवनसत्त्वाचं."

"मांसाचं तर नाय?"

पूर्वी कलेजीच्या अर्काची इंजेक्शनं मिळायची, ते तिच्या कानावर होतं. डॉक्टरांनी सांगितलं, यात मांस नाही. तिचा विश्वास बसेना. सांगलीकडच्या भटाच्या शब्दावर नवस मोडायचा? शेवटी फादरना बोलावलं. फादरनी चष्मा लावून इंजेक्शनची बाटली वाचली, उलटी करून वाचली, डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं की यात जनावराचं काही नाही. वर हेही म्हणाले, "मार्था, तुला मी या वचनातून मोकळी करू शकतो. तुझ्या तब्येतीसाठी देव रागावणार नाही. खा मासे."

आय म्हणाली, "तुम्ही सोडाल फादर, मी नाय सोडणार. तुम्ही कुठे बोललेलात त्याच्याशी? मी बोललेली."

फादर डॉक्टरांकडे बघतात, डॉक्टर फादरकडे. मी मध्ये काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "राहू द्या फादर. मला आजार काढायचाय, बाई काढायची नाही. सुई पुरेशी आहे."

आणि मग ते रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आमच्याकडे यायचे. बशीभर चहा, एक सुई. आयला ते "आज कालवण कशाचं?" विचारायचे आणि ती सांगेल ते लिहून घ्यायचे.

एक तारीख आली आणि गेली. फॉर्म मी चुलीत घातला.

फरक लगेच दिसला नाही. तीन आठवडे गेले, महिना गेला. मी रोज रात्री तेर्स म्हणताना मनात म्हणायची, होऊ दे गं माते, नाहीतर मी स्वतःला माफ करणार नाही. मग एका सकाळी मी केळी पिकत घालत होते, वर पोतं टाकलं. आय मागून आली आणि म्हणाली, "असं घालतात? खाली पेंढा कोण घालणार, तुझा बाप?"

मी तशीच, हात न धुता, दवाखान्यात धावत गेले. "डॉक्टर! आय माझ्याशी भांडली!"

"कशावरून?"

"केळी पिकत घालण्यावरून."

"बरोबर कोण होतं?"

"ती."

"मग बरी आहे," ते म्हणाले आणि बशी तोंडाला लावली. पण बशी रिकामीच होती, ते मी बघितलं.

आय पूर्ण पहिल्यासारखी झाली असं म्हणणार नाही. पाय जरा फाकूनच राहिले. पण घर पुन्हा तिच्या ताब्यात गेलं, ग्लोरियाला शाळेतून तीच आणायची, आणि तेर्स वेळेत संपायला लागला. मी तिला सगळं ऐकल्याचं कधी सांगितलं नाही. तिला माझ्यावर ओझं नको होतं, मग ते माझ्यावर आलंय हे तिला न कळलेलंच बरं. फक्त तिच्या वाट्याचा मासा मी मागे ठेवायचा बंद केला आणि डाळ जास्त ठेवायला लागले. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि डाळ भातावर ओतून घेतली. मांजर मात्र बारीक झाली.

अशी आठ-नऊ वर्षं चांगली गेली. दर महिन्याला सुई चुकली नाही. आणि मग आय पुन्हा विसरायला लागली.

या वेळी मी घाबरले नाही. मी म्हटलं, टेंबे डॉक्टर आहेत, शोधतील. डॉक्टरांनी तोवर दवाखाना बंद केला होता, गुडघे गेले होते, स्कूटर विकली होती. रिक्षाने आले. रक्त तपासलं, बी बारा भरपूर. थायरॉइड, कान, गोळ्यांचा डबा, पडली होती का, मन उदास आहे का. मुंबईला डोक्याचं स्कॅन झालं. मोठ्या डॉक्टरांनाही दाखवलं. शेवटी वही काढून कालवण विचारलं. आयने चूल पेटवली, खोबरं घेतलं आणि तिथेच थांबली. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. मग वही मिटली.

पडवीत येऊन म्हणाले, "लुसी, या वेळी मला काही सापडलं नाही. हा तोच आजार आहे. तो मागे फिरणार नाही."

मी त्यांच्यावर चिडले. आज लाज वाटते, पण चिडले. "नीट शोधा ना! तेव्हा पण आधी चुकलाच होतात!"

"हो," ते म्हणाले. "म्हणून या वेळी दोनदा शोधलं."

नंतर ते मला शिकवत बसले. तिला खोटं पाडू नकोस, तिच्याशी वाद घालू नकोस, ती ज्या वर्षात असेल तिथे जाऊन बोल. पास्कूने त्या रात्री हळूच विचारलं, "आश्रम...?" मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचं त्याने गिळलं.

दुसऱ्या वर्षी डॉक्टर पुण्याला लेकीकडे गेले आणि परत काही आले नाहीत. पण मला ते आठवतात ते जायच्या आधीच्या एका रविवारी, आमच्या जेवणाच्या टेबलाशी. निरोप घ्यायला आले होते, चहा घेऊन बसले होते. मी पास्कूला आणि ग्लोरियाला वाढत होते. बांगड्याचंच कालवण होतं. आय नेहमीच्या जागी बसली होती, तिच्यापुढे डाळभात. तिने ग्लोरियाच्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि लहान मुलासारखी म्हणाली, "मला बांगडा दे."

पंधरा वर्षांत तिच्या तोंडून हे निघालं नव्हतं.

"आय, तू... तू नाही खात ना."

"खाते की. मला बांगडा लय आवडतो. दे ना बाय."

तिला आठवत नव्हतं. देवाशी काय बोलली होती ते, ज्या पोरीसाठी बोलली ते, काहीच नाही. आणि ती पोर मी, हातात पळी घेऊन उभी. मी डॉक्टरांकडे बघितलं. "डॉक्टर, तिने शब्द दिलाय. माझ्यासाठी. मी कशी वाढू?"

"शब्द तिने पाळला," डॉक्टर म्हणाले. "आठवत होतं तोवर रोज पाळला. आता तिला भूक लागलीय. वाढ."

मी वाढला. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मला काटे दिसेनात. तेव्हा टेंबे डॉक्टरांनी खुर्ची ओढली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तिचं ताट स्वतःपुढे घेतलं. त्यांना जमत नव्हतं. बांगडा कुठून फोडायचा हेही त्यांना कळेना. ग्लोरियाने एकदा दाखवलं. मग त्यांनी बोटांनी मधला काटा हळूच उचलला, बारीक काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावले, आणि मऊ तुकडा भातात कालवून आयच्या हातात दिला. आयने तो तोंडात घातला, डोळे मिटले, आणि डोळे मिटूनच हात पुढे केला.

"सावकाश," डॉक्टर म्हणाले, आणि दुसरा तुकडा चष्म्याजवळ नेऊन बघायला लागले. "थांबा जरा. यात अजून एक आहे."